तेच तेच उगाळताना

पोळ्या लाटताना हात आपले आपण चालतात. गोळा घ्यायचा, पिठीत बुडवायचा, लाटणं फिरवायचं. त्यात डोकं घालावं लागत नाही. दाढी करताना तेच, बसच्या रांगेत उभं असताना तेच. शरीर गुंतलेलं आणि डोकं रिकामं, असा हा वेळ. नेमक्या याच वेळी मन कालची एखादी गोष्ट उकरून काढतं. काल संध्याकाळी साहेब एवढंच म्हणाले होते, "हा तक्ता जरा परत बघा." दोन आकडे चुकले होते. ते दुरुस्त करून दिले, साहेबांनी सही केली, गोष्ट तिथंच मिटली. पण पहिली पोळी फुगेपर्यंत मन म्हणतं, "सगळ्यांसमोर म्हणाले." तिसऱ्या पोळीला, "माझ्याच कामात बरं चुका सापडतात." सहाव्या पोळीला तीन वर्षांपूर्वीची चूक आठवते. तिच्या मागोमाग शाळेत गणिताच्या बाई काय बोलल्या होत्या तेही आठवतं. डबे भरून होईस्तोवर "मला काही जमतच नाही, आणि यापुढेही जमायचं नाही" इथवर मजल गेलेली असते. दिवस अजून सुरूही झालेला नसतो.

हे सगळ्यांच्याच घरी होतं. बहुतेक दिवशी दारावर दूधवाला येतो, मूल मोजा शोधत ओरडतं, नाहीतर लोकल गाठायची घाई होते, आणि विचारांची ती माळ आपोआप तुटते. काहींच्या बाबतीत मात्र ती तुटत नाही. सकाळी सुरू झालेली दुपारी जेवताना चालू असते, रात्री दिवा मालवल्यावर तर आणखी जोर धरते. वरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस शांत बसलाय. आत मात्र एकच खटला पुन्हा पुन्हा उभा राहतो, आणि आरोपी दर वेळी आपणच.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला ॲरन बेक नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. जन्म १९२१ चा. वयाची शंभरी ओलांडून २०२१ मध्ये ते गेले. त्यांची तालीम फ्रॉइडच्या पठडीत झालेली. रुग्णाने मनात येईल ते बोलत जायचं आणि डॉक्टरांनी ऐकायचं, अशी ती पद्धत. एकदा एक रुग्ण स्त्री आपल्या आयुष्यातल्या बऱ्याच नाजूक गोष्टी बोलत होती आणि बोलता बोलता अस्वस्थ होत होती. बेक यांनी कारण विचारलं. त्या नाजूक गोष्टींमुळे ती बेचैन झाली असेल, असा त्यांचा अंदाज होता. ती म्हणाली की मी तुम्हाला कंटाळा आणतेय, असं मला सारखं वाटतंय. म्हणजे तोंडाने एक गोष्ट चालली होती आणि तिच्या खाली, आवाज न करता, दुसरेच विचार वाहत होते. बेक यांनी मग इतर रुग्णांनाही विचारायला सुरुवात केली, आणि असाच एक छुपा ओघ त्यांना जागोजागी सापडला. छोटी छोटी वाक्यं. कुणी न बोलावता येणारी, आणि आली की खरीच वाटणारी. नैराश्याने ग्रासलेल्या माणसांची ही वाक्यं तीन ठिकाणी फिरताना त्यांना दिसली. मी कसा आहे, जग माझ्याशी कसं वागतं, आणि पुढे काय होणार. तिन्हींची उत्तरं वाईट. पोळ्या लाटताना मन जे तीन टप्पे चढलं, ते जवळजवळ हेच. चुकांचं माप आपल्या पदरात, लोक आपल्यावर टपलेले, आणि पुढेही काही जमणार नाही.

तक्त्यातले दोन आकडे ही घटना. "मला काही जमत नाही" हा त्या घटनेचा आपण लावलेला अर्थ. या दोहोंमध्ये एक फट असते, आणि विचारांवरचे उपचार त्या फटीत उभे राहून करता येतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी बेक यांच्याही थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, हीच वाट धरली होती. एलिस यांचे विचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणले. आज आपल्याकडे एखादा समुपदेशक "झालं काय आणि तुम्ही स्वतःशी म्हणालात काय, हे वेगवेगळं लिहा" असं सांगतो, तेव्हा त्यामागे ही सगळी खटपट असते.

पण एखादा वाईट विचार मनात येणं वेगळं आणि तो उगाळत बसणं वेगळं. दुसरी गोष्ट जास्त जड जाते, असं सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंना दिसलं. त्या तेव्हा कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत होत्या. मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, असं त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून एका प्रश्नावलीत भरून घेतलं होतं. एकटे बसून "मला असं का वाटतंय" याचा विचार करत राहता, की उठून काही करायला लागता? ही प्रश्नावली भरून दोन आठवडे झाले आणि १७ ऑक्टोबर १९८९ ला संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी त्या भागात मोठा भूकंप झाला. महापूल खचले, ६३ माणसं दगावली. बाईंनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं, आधी १० दिवसांनी आणि मग ७ आठवड्यांनी. जमीन हलली ती सगळ्यांच्याच पायाखालची. पण ज्यांना उगाळत बसायची सवय आधीपासून होती, त्यांच्यात ७ आठवड्यांनंतरही उदासी जास्त होती. काही जण आधीच उदास होते, काहींना भूकंपाची झळ जास्त लागली होती. तो हिशेब वजा करूनही फरक उरला. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. दुःख कुणाच्या वाट्याला किती आलं यावर सगळं ठरत नाही. त्यानंतरचे रिकामे तास आपण कसे घालवतो, यावरही बरंच ठरतं. आणि संकट येण्याआधीच ती सवय आपल्याकडे तयार असते. ती सवय लागते अशाच साध्यासुध्या सकाळी, तक्त्यातल्या दोन आकड्यांवरून.

उगाळण्यात एक मोठी फसगत आहे. ते विचार करण्यासारखंच दिसतं. आपण बेफिकीर नाही, गोष्टीच्या मुळाशी जातोय, असं समाधानही त्यात मिळतं. पण सायकलची साखळी उतरली की जसं पॅडल जोरात फिरतं, पाय दुखायला लागतात आणि सायकल मात्र तिथल्या तिथंच, तसं ते चालतं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी नोलेन-होक्सेमांबरोबर पुढे काही प्रयोग केले. आधीच खिन्न असलेल्या माणसांना थोडा वेळ स्वतःबद्दल आणि स्वतःच्या भावनांबद्दल विचार करायला सांगितलं. नंतर रोजच्या व्यवहारातल्या काही अडचणी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांना सुचलेले उपाय कच्चे निघाले. तितक्याच खिन्न असलेल्या दुसऱ्या माणसांचं लक्ष तेवढा वेळ दुसरीकडे वळवलं होतं. त्यांना मात्र चांगले उपाय सुचले. म्हणजे दोघांची अक्कल सारखीच होती. एकाची उगाळण्यात अडकून पडली होती एवढंच.

उदास मनाचं आणखी एक आहे. त्याला उदास आठवणी लवकर सापडतात. एरवी आठवणार नाही अशी दहा वर्षांपूर्वीची फजिती त्या वेळी हाताशी येते, आणि परवाच शेजारच्या काकूंनी केलेलं कौतुक शोधूनही मिळत नाही. मग वाटतं, पुरावा सगळा आपल्याविरुद्धच आहे. मैत्रिणीचा फोन आला तरी उचलावासा वाटत नाही. संध्याकाळचं फिरणं सुटतं. मंडळाच्या मीटिंगला "बरं नाही" म्हणून निरोप जातो. कुणी भेटलं नाही म्हणजे दोन चांगले शब्द कानावर पडायची सोयही गेली. मनाला मग आणखी एक पुरावा मिळतो, "बघा, कुणी विचारत नाही." विचाराने उदासी वाढते आणि उदासीने विचार. कोणतं टोक आधी हाती लागलं, हे नंतर सांगताच येत नाही.

इथे एक गोष्ट जपून सांगायला हवी. वाईट विचार करतो म्हणून माणूस आजारी पडतो, असा याचा सरळ अर्थ कुणी काढू नये. नैराश्याची मुळं पुष्कळ असतात. घराण्यात आजार असतो, थायरॉइडचं दुखणं असतं. बाळंतपणानंतरचे दिवस असतात, कर्ज असतं, जवळचं माणूस गेलेलं असतं, नवऱ्याची मारहाण असते. विचारांची सवय हा त्या अनेक धाग्यांतला एक धागा. तो आपल्या बोटांच्या पकडीत येण्यासारखा आहे, म्हणून त्याच्याविषयी बोलायचं. आजारी माणसाला "तू विचारच असे करतोस, म्हणून हे झालं" असं म्हणणं म्हणजे त्याच्या आतल्या खटल्यात आपणही साक्ष देणं. आणि ज्याच्या घरात खरोखर मृत्यू झालाय, त्याचं रडणं हे उगाळणं नव्हे. त्याला रडायला जागा द्यावी.

मग करायचं काय? घरोघरी पहिला सल्ला ठरलेला, "जास्त विचार करू नकोस." सल्ला प्रेमाचा असतो, पण तो चालत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. माणसांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार आणू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. दर मिनिटाला एकदा तरी अस्वल हजर. मनाला दारावर पहारा द्यायला बसवलं, की ते आत कोण येतंय हेच बघत बसतं. म्हणून विचार दाबायच्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा मनाला दुसरं काम द्यावं, आणि तेही त्याला पुरेल असं.

कसलं काम? नोलेन-होक्सेमा बाईंच्या दुसऱ्या एका प्रयोगात हे काम फक्त ८ मिनिटांचं होतं. खिन्न माणसांपैकी काहींना सांगितलं, आकाशात ढग कसे तयार होतात ते डोळ्यांपुढे आणा, अशाच आणखी काही बाहेरच्या गोष्टी आठवा. काहींना सांगितलं, तुम्ही असे का आहात, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय, याचा विचार करा. ८ मिनिटांनी पहिल्यांचं मन हलकं झालं, दुसऱ्यांचं आणखी जड. ज्यांचं मन मुळात ठीक होतं, त्यांना कशानेच फारसा फरक पडला नाही. हे शेवटचं नीट ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मन प्रसन्न असताना स्वतःचा खोलवर विचार खुशाल करावा. पडलेल्या मनाने तो करायला घेऊ नये. रात्री अकरा वाजता, दमून आडवं झाल्यावर, "माझ्या आयुष्याचं काय चुकलं" हा प्रश्न हाती घ्यायची ती वेळच नव्हे. तो उद्या नाश्ता झाल्यावर बघू, असं स्वतःला प्रेमाने सांगता येतं. उद्या नाश्त्यानंतर तो प्रश्न बहुधा तेवढ्या आकाराचा उरलेलाही नसतो.

पोळ्या लाटताना काय करायचं, तेही असंच छोटं आहे. मन निघालं की ओळखायचं, "हं, निघालं." त्याच्यावर चिडायचं नाही. मग समोरचं बघायचं. पोळी कडेला जाड राहिलीय का, तवा जास्त तापलाय का, पलीकडे मुलगी पाठ करतेय ती कविता कुठवर आली. ज्यांना रेडिओ लावून बरं वाटतं त्यांनी रेडिओ लावावा. तरीही साहेबांचं ते वाक्य परत परत आलंच, तर डबे भरल्यावर कागदाचा एखादा कपटा घ्यावा, अगदी वाण्याच्या बिलाची कोरी बाजूसुद्धा चालेल. त्यावर आधी झालं तेवढंच लिहावं: "तक्त्यात दोन आकडे चुकले. साहेब म्हणाले, परत बघा. दुरुस्त केले." खाली मन काय म्हणालं ते लिहावं: "मला काही जमत नाही." दोन्ही ओळी एकाखाली एक दिसल्या, की पहिलीतून दुसरी निघत नाही हे डोळ्यांना दिसतं. डोक्यात ते दिसत नाही, कारण तिथं दोन्ही एका दमात म्हटलेलं असतं. बेक यांच्या रुग्णांनाही हाच गृहपाठ असायचा. कागदावर रकाने आखायचे, एकात प्रसंग, एकात मनात आलेला विचार, एकात वाटलं ते, आणि मग त्या विचाराला दुसरी बाजू आहे का ते तपासायचं. दुसरी बाजू म्हणजे ओढूनताणून आणलेलं "सगळं छान होईल" नव्हे. "महिन्याला असे बरेच तक्ते जातात, त्यातला हा एक परत आला" एवढं खरं वाक्य पुरतं.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स तर नुसत्या या उगाळण्यावरच उपचार करतात. त्यांचा भर प्रश्न बदलण्यावर असतो. "माझ्याच बाबतीत असं का होतं" या प्रश्नाला तळ नाही. त्याचं उत्तर शोधायला निघालेलं मन लहानपणापर्यंत जातं आणि रिकाम्या हाताने परत येतं. "नेमकं कुठं, कसं चुकलं, आणि पुढचं पाऊल कोणतं" या प्रश्नाला मात्र तळ असतो. आकडे चुकले ते सायंकाळी घाईत भरले म्हणून. तर पुढच्या वेळी तक्ता दुपारीच भरायचा आणि बेरीज शेजारच्या टेबलावरच्या शिंदेबाईंना एकदा दाखवायची. इतकं ठरलं की मनाला त्या गोष्टीत काही काम उरत नाही. प्रश्न सुटला म्हणून नाही तर पाय जमिनीला लागले म्हणून, असं मला वाटतं.

आणि तुमच्या घरातलंच कुणी असं उगाळताना दिसलं तर? बहीण, वडील, कॉलेजातला मुलगा. समजूत घालायला बसण्यापेक्षा त्यांना काहीतरी करायला सोबत न्यावं. "चल, मंडईतून मेथी आणू" हे वाक्य "सकारात्मक विचार कर" यापेक्षा पुष्कळ कामाचं. वाटेत बोलले तर मनापासून ऐकावं. तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली, की हळूच विचारावं, "मग उद्या काय करायचं म्हणतोस?" दोघी मैत्रिणी फोनवर तासभर एकच दुखणं चघळतात, त्याने मैत्री घट्ट होते हे खरं, पण मन हलकं होतंच असं नाही. आणि दोन आठवडे उलटले तरी झोप आणि भूक जागेवर येत नसेल, आवडीच्या गोष्टींतला रस गेला असेल, किंवा "मी नसलेलाच बरा" असं काही कानावर आलं, तर कागद-पेन्सिल बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जावं. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला औषध आहे, बोलण्याचे उपचारही आहेत. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएचसारख्या संस्था हे काम मराठीतूनच करतात. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीत मिळते. फोन लावायला त्यांचं मन धजत नसेल, तर त्यांच्याशेजारी बसून तुम्ही लावावा. डॉक्टरांची वेळ घ्यावी, त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी आणि सोबत जावं.